जास्तीची लाल

महांतेशने चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि हजेरी सांगावी तसं सांगितलं, "मावशी, एकशे बारांत पाच." मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळत होते, तो बुचकळतच राहिले. निळा रंग सुटून डब्याच्या तळाशी बसायला लागला. पाच काय, हे विचारायची गरज नव्हती. वर्षभर तो आमच्या ॲनाटॉमीच्या म्युझियममधल्या आणि मागच्या स्टोअरमधल्या बरण्या एकेक करून उतरवत होता आणि त्यांतल्या किडन्या तपासत होता. कुठल्या किडनीला रक्ताच्या किती नळ्या जातात, मधून शिरतात की वरच्या टोकाला की खालच्या, असा त्याचा एम. डी.चा थिसिस. पुस्तकातल्या चित्रात किडनीला एक लाल नळी असते. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की चारांतल्या एखाद्या माणसाला दुसरी, तिसरीही सापडते. आमच्याकडे एकशे बारा किडन्यांत पाचच सापडल्या. आमच्या विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणतात, ते खूष होते. आपल्या भागातल्या लोकांची घडणच वेगळी आहे असं त्यांचं मत पडलं होतं आणि ते मत हुबळीच्या परिषदेत वाचायचं ठरत होतं. "आपली माणसं आतनं बी सरळ हायत की मावशी," महांतेश म्हणाला. तो गडहिंग्लजकडचा. शिक्षणानं जिभेला इस्त्री झालेली, पण माझ्याशी बोलताना घरचं बोलायचा. मी हसले. चारांतल्या एकाला असते हे मला पुस्तक न वाचता ठाऊक होतं, आणि उरलेल्या कुठं गेल्या तेही ठाऊक होतं. त्या मी कापल्या होत्या.

जाता जाता त्याने आणखी एक काम सांगितलं. एकशे बारा हा आकडा परीक्षकाला कमी वाटेल असं मोठ्या सरांचं म्हणणं, म्हणून यंदा पोरांनी हॉलमध्ये चिरलेल्या दहा देहांच्या वीस किडन्या त्यात घालायच्या. त्या निळ्या बादलीत फॉर्मालीनमध्ये पडल्याच होत्या. सोमवारपर्यंत साफ करून द्याल ना मावशी, आणि ह्या जरा निवांत करा, फोटो काढायचेत. मी देते म्हणाले. चौदा वर्षांत मी ह्या खोलीत दुसरं काही म्हणाले नाही.

मी काही शिकलेली बाई नाही. दहावी नापास. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात ब्लाउज शिवायचे, आणि नव्वद साली कॉलेजच्या पोरांच्या पांढऱ्या ॲप्रनांची ऑर्डर मिळाली म्हणून गठ्ठा घेऊन इथं आले, तर दारात आकाराममामा उभे. मुरगूडचे, जाडजूड मिशीचे, दुसऱ्या गावच्या कॉलेजात वीस वर्षं काढून इथं टेक्निशियन म्हणून आलेले. हॉलमध्ये काम करायला माणूस मिळत नव्हतं. आलेलं दुसऱ्या दिवशी पळायचं. त्यांनी माझी टीप निरखून बघितली आणि म्हणाले, शांताबाई, सुई धरतीस तसा चिमटा बी धर, मेलेलं माणूस काय चावत न्हाय. मी धरला. घरी सासूबाईंनी वर्षभर मला परसदारी आंघोळ केल्याशिवाय पूजेच्या लिंगाला हात लावू दिला नाही, पुढं त्याही थकल्या. पण हात बसला. मांसातनं, चरबीतनं नळी सोडवून काढणं हे चुकलेली शिवण उसवण्यासारखंच काम आहे. ओढायचं नाही, वाट बघायची. मग रंग. शुद्ध रक्ताची ती लाल, अशुद्धाची निळी, लघवीची पिवळी. इंग्रजी नावं मी पोरांच्या तोंडून ऐकून पाठ केली, आणि पुढं पुढं पोरंच मला येऊन विचारायला लागली. कुणी मावशी म्हणालं की मी फुगायचे, तेही सांगून टाकते.

कापायला शिकवलं आकाराममामांनीच. माझ्या तिसऱ्या की चौथ्या किडनीला दोन लाल निघाल्या. मी घाबरले, मला वाटलं माझ्याच हातून एकीची दोन झाली. मामांनी ती चष्म्याजवळ धरली, कात्री मागितली आणि खालची मुळाशी कापली, मग तोंडाशी कापली, उरलेल्या भोकात बोटानं मेण दाबलं. मी विचारलं, ही कशाला काढली. ते म्हणाले, "परीक्षेला भायरचा मास्तर येतोय. दोन नळ्या दिसल्या की पोराला इचारणार, पोरगं घाबरणार, त्याचं वरीस जाणार. पुस्तकातल्यागत दिसाय पायजे. मेलेल्याला काय फरक पडतोय?" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या गावातलं एक पोर असंच कशात तरी अडकून नापास झालेलं आणि त्यानं शिक्षण सोडलेलं. पोरांवरच्या मायेनं ते कापत होते, आणि मग मीही मायेनंच कापत गेले. दरवर्षी दहाबारा देह, वीसबावीस किडन्या, त्यांतल्या पाचसहांना जास्तीची लाल. काही सुतासारख्या बारीक, काही चांगल्या बोरूएवढ्या. कापलेल्या तुकड्यांना आमच्यात कचरा म्हणायचे. मेणावर रंगाचे दोन हात दिले की आईलासुद्धा ओळखू येऊ नये. माझ्या बरण्या बघून बाहेरचे परीक्षक म्हणायचे, काय सुंदर स्पेसिमेन आहेत. ज्या पाच महांतेशला सापडल्या, त्या माझ्या आजारपणाच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी साफ केल्या असाव्यात.

बसमध्ये त्या दिवशी जागा मिळाली नाही. दांडीला लोंबकळत मी आकडेमोड करत होते, एकशे बाराचा चौथा हिस्सा किती, आणि त्यातनं पाच वजा केले की माझ्या वाट्याला किती. तेवीस. वहीत लिहून ठेवल्यासारखे तेवीस. मग वाटलं तेवीस कसले, बरण्या फुटल्या, पोरांनी खराब केल्या, टाकून दिल्या त्याही धरल्या तर साठसत्तर तरी. साठसत्तर माणसांचं एकेक खरं मी काढून टाकलं होतं, आणि आता त्याचं शास्त्र होणार होतं. रंकाळ्याच्या वळणावर बस कलली, शेजारच्या बाईची पिशवी माझ्या कुशीत घुसली. डाव्या कुशीत. मी एवढी दचकले की ती बाई म्हणाली, लागलं काय हो? मी न्हाय म्हणाले.

डाव्या कुशीवरनं मला शिवांजलीच आठवते. माझी मुलगी. ती नऊ वर्षांची असताना, पंच्याण्णवच्या जानेवारीत, आकाराममामांनी आम्हाला मुरगूडला त्यांच्या भावाच्या गुऱ्हाळावर नेलं होतं. चुलवाणाची ऊब, काहिलीतल्या रसाचा वास, मामांच्या मंडळी अंबूबाई सगळ्यांना पितळी तांब्यानं रस वाढत होत्या. शिवांजलीनं आलं-लिंबू पिळून तीन पेले घेतले. अर्ध्या तासानं ती उसाच्या चिपाडांवर आडवी पडली, गुडघे पोटाशी घेऊन. दोन वर्षं तिचं हे चाललं होतं. शाळेतनं आली, पाणी प्यायली की डावी कूस धरायची, ओकायची, आणि दोन तासांनी उठून खेळायला पळायची. शाळा चुकवायची नाटकं, असं आम्ही ठरवलं होतं. सासूबाईंनी ठरवलं आणि मी मान डोलावली असं म्हणायची माझी सोय आहे, पण तसं नव्हतं. मीच ठरवलं होतं. गुऱ्हाळावर चारचौघांसमोर ती अंबूबाईंच्या पायाशी ओकली, तेव्हा मी तिला दंडाला धरून उठवलं आणि कानशिलात ठेवून दिली. पावण्यांच्यात आणून तोंड काळं करतीस काय म्हणाले. ती रडली नाही. तिला रडायला श्वास पुरत नव्हता. ती म्हणाली, "अव्वा, आत कायतरी फुगतंय." मी म्हणाले, "तुझं तोंड फुगलंय." आणि चुलवाणाभोवतीची सगळी माणसं हसली. मला ते हसणं आवडलं होतं. मी विनोद चांगला केला होता.

शेवटी डॉक्टरांना दाखवलं, आणि मार्चमध्ये ऑपरेशन झालं, दुसऱ्या शहरात. आपल्याकडे सर्जन काढलेली वस्तू ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायला आणतात. काढलं ते खरंच काढलं ह्याचा पुरावा. शिवांजलीचे अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी बघितलं. माझ्या पोरीची डावी किडनी, पाणी भरून पखालीसारखी ताणलेली, मग रिकामी होऊन लोळागोळा झालेली, पापुद्र्याएवढी पातळ. आणि जिथनं लघवीची नळी निघते तिथं, तिच्यावरनं आडवी गेलेली, खालच्या टोकात घुसलेली एक नळी. मनातल्या मनात मी ती रंगवली सुद्धा. पिवळीवर आडवी लाल. मी बोट न लावता दाखवलं आणि म्हणाले, ही जास्तीची आहे, हिनं दाबून धरलं. सर्जन चमकले. तुम्ही नर्स का, म्हणाले. मी म्हणाले, नाही, मी रंगवते. त्यांना ते कळलं नाही. ते भले गृहस्थ होते, त्यांनी मला धीर दिला, की हे फार क्वचित असतं, आधी कुणाच्या डोक्यातच येणार नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याच आठवड्यात मी सुट्टीवर येण्याआधी अशाच दोन कापून बादलीत टाकल्या होत्या. क्वचित नसतं, हे त्या दवाखान्यात फक्त मला ठाऊक होतं. मी मान हलवली आणि क्वचित असतं हे घेऊन घरी आले. ते फार उपयोगी पडलं. सासूबाईंना, शेजाऱ्यांना, आणि एकदा शिवांजलीला स्वतःलाच मी तेच सांगितलं. पंधरा दिवसांनी कामावर गेले तर परीक्षा आठ दिवसांवर होती आणि बादलीत सहा किडन्या होत्या. पहिलीलाच जास्तीची लाल निघाली. हात थबकला असेल असं कुणालाही वाटेल. मलाही पुढं कित्येक वर्षं तसंच आठवायचं. पण थबकला नव्हता.

घरी पोचले तर शिवांजली अभ्यास करत होती. आता अठराची, बी. कॉम.ला. बाहेर तालमीच्या पोरांचा सामना जिंकल्याचा दंगा. तिनं माठातनं पाणी घेतलं. ती पाणी कसं पिते हे मी नऊ वर्षं बघते आणि नऊ वर्षं बघत नाही. अर्धा पेला पिते, थांबते, मान जरा डावीकडं कलवून आतलं ऐकल्यासारखं करते, काही झालं नाही असं पटलं की उरलेलं पिते. तिथं आता काही नाहीच, दुखणार काय? पण ती थांबते. त्या दिवशी ती थांबली तेव्हा मी तिच्याकडं सरळ बघितलं. ती म्हणाली, काय गं अव्वा, भूत बघितल्यागत बघतीस? मी म्हणाले, भुतांच्यातच असते की दिवसभर. ती हसली. माझे विनोद तिला आवडतात.

शनिवारी मी वीसच्या वीस साफ केल्या, आणि एकही नळी कापली नाही. पाट्यावर ओळीनं मांडल्या. सहांना जास्तीची होती. चार वरच्या टोकाला, एक मधेच दुहेरी, आणि एक, सतरा नंबरची, डावी, खालच्या टोकाला, पिवळीवरनं आडवी. सतरा नंबर म्हणजे गगनबावड्याच्या स्टँडवर सापडलेल्या बाईची, वय अंदाजे पस्तीस, कुणी न्यायला आलं नाही. किडनी फुगलेली नव्हती. वाचली म्हणायची. की पाणी प्यायलं की तीही कूस धरून बसायची, आणि घरची म्हणायची, नाटकं करते? विचारायला आता कुणी नव्हतं. मी त्या सहांकडं बघत बसले. वीसांत सहा अशा दिल्या, तर महांतेश काही खुळा नाही, तो विचारणार की आधीच्या एकशे बारांत का नाहीत. त्याचा थिसिस मोडणार, वर्ष जाणार, माझी बरण्यांची खोली जाणार. आणि कापल्या, तर छापून येणार की कोल्हापूरच्या माणसांना जास्तीची नसते, म्हणजे पुढच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या वेळी तपासायचीच गरज नाही. पोर कुणाची असेल कुणास ठाऊक. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त चिपाडांवर पोटाशी घेतलेले गुडघे दिसत होते.

सोमवारी मी महांतेशला सगळं सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा थोडक्यात झालं. कात्री, मेण, रंग, आकाराममामा, परीक्षेची पोरं. त्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं एकतीस नंबरची बरणी काढली, किडनी बाहेर घेतली आणि सुईनं खालच्या टोकावरचा रंग खरवडला. रंगाची खपली निघाली, खाली पिवळट मेण, मेणाखाली भोक. त्यानं चव्वेचाळीस काढली. मग साठ. मग थांबला, हात धुतले, आणि जाऊन दार लावलं. तो ओरडेल, मोठ्या सरांकडं जाईल, चौकशी बसेल, असं सगळं मी रविवारी मनात उरकून घेतलं होतं. ते व्हावं असंही वाटत होतं. कुणीतरी माझ्या कानशिलात ठेवून द्यायला उशीरच झाला होता.

त्यानं हळू आवाजात विचारलं, हे कुणाला ठाऊक आहे? मी म्हणाले, आकाराममामा वारले, मीच. "आणि आता मी," तो म्हणाला, आणि आपल्यालाही कळलं ह्याचाच त्याला जास्त राग आल्यासारखं दिसलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, घरी जेवायला यायचा तेव्हा बसायचा तसा, आणि समजुतीनं बोलायला लागला. अठरा तारखेला थिसिस द्यायचा आहे. मोठ्या सरांनी परिषदेला सारांश पाठवलाय, आता ते मागं हटणार नाहीत, हटायचं झालं तर महांतेशलाच हटावं लागेल. एकशे बारा परत उघडल्या तर कॉलेजचं सगळं म्युझियम खोटं ठरेल. माझं नाव तो कुणाला कळू देणार नाही. मी ऐकत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की तो मला वाचवतोय. मला वाचव असं मी सांगितलं नव्हतं.

"म्हणून ह्या वीस बी तशाच करून द्या," तो म्हणाला.

मी म्हणाले, अरे, कुणीतरी डॉक्टर हे वाचंल, आणि बघायचं सोडंल. माझ्या शिवांजलीसारखी पोर.

"मावशी, थिसिस कोण वाचतंय?" तो म्हणाला. मग अगदी मायेनं, "आणि शिवांजलीची किडनी काय कुणाच्या थिसिसनं गेली न्हाई. तुम्हीच सांगितलंवतं मला, नाटकं करती म्हणून दोन वर्षं दाखवलं न्हाई."

सांगितलं होतं. त्याला जेवायला वाढताना, ह्याच आवाजात, मी सांगितलं होतं. एखादी गोष्ट विश्वासानं कुणाच्या हातात द्यावी आणि त्यानं ती नीट जपून ठेवावी, लागेल तेव्हा सापडेल अशी. त्याचा राग आला नाही. तो चुकीचं काहीच बोलला नव्हता. मी कात्री घेतली.

दोन कापून झाल्यावर त्यानं माझा हात थांबवला. क्षणभर मला वाटलं, आला भानावर. तो म्हणाला, "सगळ्या नको. एखादी ठेवा. वीसांत एक पण नसली तर खोटं वाटंल." मग मी सतरा नंबर पुढं सरकवली आणि म्हणाले, मग ही ठेव. ही पिवळीवरची. निदान एका फोटोत ही राहू दे, कुणी बघो न बघो. त्यानं ती उचलून उजेडाकडं धरली, फिरवून बघितली. मला आशा वाटली हे सांगायची आता लाज वाटते. तो म्हणाला, "ह्यात फार गुंता हाय मावशी, फोटोत उठायची न्हाई. ती वरच्या टोकाची ठेवा, ती कशी स्पष्ट दिसतीय." आणि त्यानं सतरा नंबर माझ्यासमोर परत ठेवली.

मुळाशी एकदा कापली, तोंडाशी एकदा. ती नळी पिवळीला चिकटून होती, सोडवायला वेळ लागला, ओढायचं नाही म्हणून ओढली नाही. बोटानं मेण दाबलं, वरनं रंग दिला. महांतेशनं काळं कापड अंथरून ती मधोमध ठेवली, दोन दिवे लावले. ती खरंच फार देखणी झाली होती. सोळा तारखेला तो बांधलेला थिसिस मला दाखवायला घेऊन आला, पाया पडला, पेढा दिला. पहिलाच रंगीत फोटो सतरा नंबरचा होता, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, नेहमीची रचना, एकच नळी. ऋणनिर्देशात माझं पूर्ण नाव होतं. त्यानं विचारलं, कसा आलाय मावशी? मी पान डोळ्यांजवळ धरलं. पिवळा रंग एका जागी लालवर सांडला होता, केसाएवढा. मी त्याला म्हणाले, छान आलाय, फक्त इथं जरा घाई झाली माझी.